पोचपावतीवरची सही

निंबवाडी, ता. कंधार
२९ नोव्हेंबर १९८२

ती. मल्लम्मा अक्का व विरूपाक्ष दाजी यांना बसवंतचे शरणार्थी, नमस्कार.

इकडे ठीक आहे. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. गावाचा आड तळाला गेला आहे. बायका पहाटे दोर सोडतात आणि अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन येतात. पूजेपुरता एक तांब्या मी बाजूला ठेवतो. तेवढा देवाने अजून चालू ठेवला आहे.

पत्राचे कारण शिवकन्या. दिवाळीला ती आठ दिवस घरी होती. त्या आठ दिवसांत ती माझ्याशी बोलली असे मला आठवत नाही. जेवायची, झोपायची, आईच्या मागे चुलीपाशी बसायची. एकदा मी गुरम्माला म्हणालो, "तिला विचार, अभ्यास कसा चाललाय." पोरगी माझ्यापासून दोन हातांवर बसलेली. ती आईला म्हणाली, "त्यांना सांग, बरा चाललाय." गुरम्माने आम्हा दोघांकडे पाहिले आणि म्हणाली, "मी काय तारमास्तरीण हाय का?"

आता परवा शाळेचे कार्ड आले. त्यात लिहिले आहे की कु. शिवकन्या, नववी, ही या सत्रात एकोणीस दिवस दोन-दोन तास उशिरा आली आहे, पालकांनी नोंद घ्यावी. कार्ड उघडेच असते, तुम्हाला माहीत आहे. कंधारहून टपालाची थैली आणणाऱ्या सटवाजीने ते एस.टी.तच वाचले. थैली माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणाला, "मास्तर, पोरगी उशिरा जाऊन राहिली म्हणं शाळेला." ओट्यावर चार माणसे बसली होती.

अक्का, तिला तुमच्याकडे ठेवताना मी एकच गोष्ट बोललो होतो, की तिला कामाला लावू नका, ती शिकायला आली आहे. गुरम्मा तेव्हा म्हणाली होती, "नणंदेकडे पाणी भरायला पाठवता का?" मी तिला गप्प केले. मला तुझा शब्द पुरेसा होता. काम नाही, मग उशीर कशाने होतो? ती जाते कुठे?

हे पत्र दाजींनी वाचून दाखवावे. पोरीसमोर वाचू नये.

तुझा
बसवंत


लातूर
८ डिसेंबर १९८२

चि. बसवंत यास मल्लम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दाजी हल्ली दिवसा घरी नसतात. लातूर जिल्हा झाला तेव्हापासून त्यांची रोजची फेरी उस्मानाबादची. ट्रकमध्ये दप्तरं भरून आणायची आणि नव्या कचेरीत उतरवायची. शिपायांचं काम काय संपतंय! ते म्हणतात, जिल्हा झाला पण नळाला अजून हुकूम पोचला न्हाई. नळ चार दिवसांनी येतो, तोही खोकत. म्हणून पत्र वाचायला आणि लिहायला गल्लीतली पंचशीला बोलावली. शिवकन्येच्या वर्गातलीच हाय. मी सांगते तसं ती लिहून राहिली.

उशिराचं म्हणशील तर शाळा लांब हाय. आमचं घड्याळ मागं पडतं. दाजींनी दोनदा दुरुस्त केलं, तर आता जास्तच मागं पडतं. तू काळजी करू नको. पोरगी गुणाची हाय.

(आत्यांनी शेवटचं वाक्य तीन वेळा लिहायला सांगितलं. मी एकदाच लिहिलं.)

गुरम्माला सांग, शेवया संपल्या.

तुझी अक्का
मल्लम्मा


निंबवाडी
१८ डिसेंबर १९८२

ती. अक्का व दाजी यांना शरणार्थी.

पत्र पोचले. शेवया सटवाजीबरोबर कंधारच्या स्टँडवर पाठवतो, तिथून लातूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईल.

घड्याळाचे कारण मला पटले नाही, पण राहू दे. त्या मुलीचे अक्षर मात्र पाहत राहिलो. मी बावीस वर्षे टपाल हाताळतो. पाकीट लांबून दिसले तरी सांगतो, हे सरजाबाईच्या लेकाचे निजामाबादहून, हे रामकिशनच्या जावयाचे. असे अक्षर आपल्या भागात क्वचित दिसते. ओळ सरळ, वरची रेघ एका दमात ओढलेली, कुठे खाडाखोड नाही. शिवकन्येला तिच्याजवळ बसव. म्हणावे, असे अक्षर काढायला शीक.

खालचा मजकूर पंचशीलेसाठी आहे. तिने स्वतः वाचावा.

चि. पंचशीला, तू माझ्या लेकीच्या वर्गात आहेस म्हणून तुला विचारतो. तुझे वडीलही तुझ्याविषयी असेच कुणाला विचारत असतील तर मला माफ कर. शिवकन्या सातवीपर्यंत माझ्या टेबलाशेजारी बसायची. मी ठसे मारायचो, ती मोजायची. आता ती घरात आली की मला काय बोलावे ते सुचत नाही. विचारले तर "काही न्हाई" म्हणते. ओरडलो तर उठून जाते. मी देवापुढे बसतो तेव्हाही हेच मनात येते. तिच्या मनात काय आहे ते तुला माहीत असेल. जेवढे सांगण्यासारखे असेल तेवढे सांग. तुझे नाव मी कुठे घेणार नाही.

बसवंत


लातूर
३० डिसेंबर १९८२

चि. बसवंत यास आशीर्वाद. शेवया पोचल्या. कंडक्टरने पिशवी बरोबर दिली, फक्त शेवयांचा चुरा झाला. चुऱ्याची खीर केली. मी खुशाल हाय. हाताला जरा दुखतं, थंडीचं असेल. पुढचं पंचशीला तिच्या मनानं लिहिणार म्हणते. मी तिला म्हटलं, लिही बाई, मला काय वाचता येतंय.
मल्लम्मा

काका, तुम्ही मला विचारलंत म्हणून लिहिते. राग मानू नका.

शिवकन्या शाळेत बोलते. मधल्या सुट्टीत तर तिला गप्प बसवावं लागतं. भूगोलाच्या बाई आजारी होत्या तेव्हा तिने आम्हाला नकाशावर गोदावरी शिकवली, नाशकापासून नांदेडपर्यंत आणि तिथून पुढे समुद्रापर्यंत. बाईंसारखी काठी घेऊन. म्हणजे ती मुकी नाही.

ती सांगते, घरी गेलं की तीनच प्रश्न असतात. अभ्यास, मार्क, उशीर. तेही आईला विचारलेले. तीन प्रश्नांची तीन उत्तरं झाली की बोलणं संपतं.

दिवाळीत तिने तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्ही टपाल लावत होता. ती म्हणाली, अप्पा, आता ठसे कोण मोजतं? तुम्ही वर न बघता म्हणालात, "आईला विचार." तुम्हाला आठवत नसेल. ती त्यानंतर बोलली नाही.

दुसरं असं की घरात एवढी पत्रं येतात, ती तिच्याविषयी असतात पण तिच्या नावावर नसतात. पाकिटावर आत्याचं नाव, विरूपाक्ष मामांचं नाव. दोन वर्षांत तिच्या नावाचं एकही नाही. पोस्टमास्तरची मुलगी असून.

उशिराचं कारण ती सांगेल तेव्हा सांगेल. ते वाईट नाही एवढं मी लिहून देते.

पंचशीला


निंबवाडी
१० जानेवारी १९८३

ती. अक्का व दाजी यांना शरणार्थी.

पंचशीलेचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. ठशांचे मला खरोखरच आठवत नाही. तिच्या नावाने पत्र लिहायचे मनात होते. कागदही घेतला होता. "चि. शिवकन्येस" एवढे लिहून अर्धा तास बसलो. पुढे अभ्यासाशिवाय काही येईना. तेवढ्यात सरजाबाई पोराला पत्र लिहून घ्यायला आली. म्हणाली, "लिव्हा मास्तर, टाचंतला काटा निघाला का इचारा. खानावळीत भाकर गरम मिळती का इचारा. त्या लंगड्या कुत्रीनं पिल्लं घातली म्हणून लिव्हा." मी म्हणालो, "बाई, कामाचं सांगा, जागा कमी आहे." तर म्हणते, "कामाचं तो मला लिहितोच की. मला बिनकामाचं पाह्यजे."

ते मी तिच्या कार्डावर लिहून दिले. माझा कागद तसाच राहिला.

पण आता लिहायचे ते वेगळेच. आपल्या गावचा भुजंग परवा लातूरला आडतीवर गेला होता. त्याने शिवकन्येला सकाळी अकरा वाजता गंजगोलाईच्या मागच्या रस्त्यावर पाहिले. शाळेच्या वेळेला. भोवती पाचसहा पोरेपोरी, आणि ही मोठमोठ्याने हसत होती. भुजंगने हे मला एकट्याला सांगितले नाही. पिठाच्या गिरणीवर सांगितले. गुरम्मा दळण तिथेच सोडून परत आली.

उशीर कशाने होतो ते मला आता कळले. मी तिला परत आणणार आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मुख्याध्यापकांच्या नावाचा अर्ज सोबत जोडला आहे. हे पत्र रजिस्टरने पाठवतो. दाजींनी अर्ज शाळेत द्यावा. दाखला मिळाला की मी येऊन तिला घेऊन जाईन. यात तुझा दोष मी मानत नाही, अक्का. वयाचा आणि काळाचा मानतो.

पंचशीलेला सांग, तिच्या शब्दाला मान देऊन मी आजवर थांबलो. ती चांगली मुलगी आहे. तिने मैत्रिणीवर विश्वास ठेवला, त्याचे मला वाईट वाटत नाही.

बसवंत


निंबवाडी
१९ जानेवारी १९८३

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावावर आहे. पाकिटावर बघ, दुसरे कुणाचे नाव नाही.

आज अकराला सटवाजी थैली घेऊन आला. त्यात माझ्याच रजिस्टर पत्राची पोचपावती होती. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेतात आणि शेजारी साक्षीदाराची सही घेतात, हे तुला माझ्या टेबलाशेजारी बसूनच माहीत झाले असेल. कार्डावर अक्काचा अंगठा होता. त्याच्या शेजारी लिहिले होते: "अंगठा मल्लम्मा विरूपाक्ष यांचा. समक्ष, शिवकन्या बसवंत." वरची रेघ एका दमात ओढलेली.

मी कपाटातून आधीची दोन्ही पत्रे काढली आणि कार्डाशेजारी ठेवली. सटवाजी म्हणाला, "मास्तर, ठसा मारा की, पुढच्या गाडीला जायचंय." मी त्याला म्हणालो, बस जरा. तो बसला. बिचारा बराच वेळ बसला.

सगळ्या गावाच्या लेकरांची अक्षरे मी ओळखतो. सरजाबाईच्या लेकाने एकदा हात भाजला म्हणून मित्राकडून पत्र लिहून घेतले, तर मी पाकीट न उघडता म्हणालो होतो की हे त्याचे नाही. आणि माझ्या पोरीचे अक्षर मला परके वाटले, देखणे वाटले, आणि ते तिने स्वतःकडूनच शिकावे असे मी तिलाच लिहिले. तू ते आत्याला वाचून दाखवलेस. तेव्हा तुला हसू आले असेल तर चांगले. हसू आले नसेल तर काय वाटले असेल, ते मी आज दिवसभर टाळतो आहे.

तुझा अर्ज तूच हातात घेतलास. तुझी शाळा सुटावी म्हणून मी लिहिलेल्या कागदाला तूच साक्ष राहिलीस. रडली नाहीस, सही नीट केलीस.

माझे बापू, तुझे आज्जा, ओट्यावर बसायचे. मोठ्या माणसासमोर आपल्या लेकराला घ्यायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही, अशी आमच्याकडे रीत होती. तू तापलीस तेव्हाही मी गुरम्माला म्हणायचो, "तिच्या कपाळाला हात लावून बघ." माझे हात मोकळे होते. बापूही माझ्याशी तसेच वागले. मी सातवी पास झालो तेव्हा त्यांनी आईला सांगितले, "त्याला म्हणावं बरं झालं." मी दाराआड उभा होतो. त्या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस काढले. तुलाही तेवढ्यावर निभावेल असे धरून चाललो होतो.

बापूंना जाऊन तीन वर्षे झाली. ओटा रिकामा आहे. मी अजून ते बसल्यासारखाच बोलतो.

ज्या पंचशीलेशी मी मोकळा बोललो ती तूच होतीस. तिला मी "मला माफ कर" असेही लिहिले. तुझ्याशी बोलताना ते मला सुचले नसते. परकी समजून जे जमले ते आपली समजून का जमू नये? ते जमवायचे आहे.

तो अर्ज शाळेत दिला असेल तर मी येऊन परत घेतो. दिला नसेल तर देऊ नको. उशिराचे कारण मी विचारत नाही. ते वाईट नाही असे तू लिहून दिले आहेस, ते मला पुरे. भुजंगलाही मी आज गिरणीवरच, चारचौघांत, सांगून आलो की माझी पोरगी कुठे असते ते मला माहीत आहे. खरे तर माहीत नाही. खोटे बोललो, संध्याकाळी पूजेत ते कबूल केले.

आता बिनकामाचे. ठसे हल्ली कुणी मोजत नाही. तू गेल्यापासून मी अंदाजाने मारतो. टेबलाखाली तुझी लाकडी पेटी अजून आहे, तिच्यावर सटवाजी पाय ठेवतो. लिंबाखाली चिमण्यांसाठी तू फुटके मडके ठेवायचीस, त्यात गुरम्मा भांडी विसळलेले पाणी ओतते. चिमण्या ते पितात, तक्रार करत नाहीत. तुला गोदावरी समुद्रापर्यंत शिकवता येते हे मला माहीत नव्हते. मी नांदेडच्या पुलापुढे तिला कधी पाहिले नाही. पुढे ती कुठून जाते?

उत्तर लिहायचे असेल तर माझ्या नावावर लिही. इथे टपाल मीच फोडतो.

तुझे
अप्पा


लातूर
३ फेब्रुवारी १९८३

ती. अप्पांना शिवकन्येचे शरणार्थी.

पत्र बावीस तारखेला आलं. पोस्टमनने दारातून नाव वाचले, तर आत्या म्हणाली, "चुकलं असेल, नीट बघा." उत्तराला उशीर झाला, कारण मला काय लिहावं सुचत नव्हतं. तुमच्यासारखंच.

अर्ज मी दिला नाही आणि फाडलाही नाही. मामांच्या पंचांगात ठेवला होता. तुमचं पत्र आल्यावर त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला गणितं केली.

आता उशिराचं. तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगते. दसऱ्याच्या आधी टँकरच्या रांगेत आत्या घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. मामा पहाटे जातात ते अंधार पडल्यावर येतात. नळाचा भरवसा नाही. टँकर दहाला येतो, कधी अकराला. आत्या एका हाताने घागर उचलायला गेली ते मला बघवलं नाही. मी म्हणाले, मी भरते. ती म्हणाली, "तुझ्या बापाला शब्द दिलाय, पाणी भरायला लावणार न्हाई." मी म्हणाले, तुम्ही लावत नाही, मी लागते. तेव्हापासून ती रोज हेच पुटपुटते. तुम्हाला कळलं तर तुम्ही मला नेणार आणि आईचं बोलणं खरं होणार, म्हणून तिने पंचशीलेचं नाव घालायला लावलं. तिला वाटलं, तुमची पत्रं मीच वाचते हे कळलं तर तुम्ही खरं लिहिणार नाही. ते बरोबरच होतं.

आता हात बराच बरा आहे. प्लास्टर निघालं. मी हे सगळं भूगोलाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी पहिला तास चुकला तर चालेल म्हणून वर्गशिक्षिकांना सांगितलं आहे. आधीच सांगायला हवं होतं असं त्या म्हणाल्या.

भुजंगकाकांचं अर्धं राहिलं. त्या दिवशी टँकरचा पाइप निसटला. भुजंगकाका कडेने धोतर सावरत चालले होते. पाइप थेट त्यांच्यावर. टोपी गटारात गेली. ते ओरडले, "पाणी वाया घालवता रे!" आणि सगळी रांग हसली. मीही हसले. आत्या तर मोडक्या हाताने पोट धरून हसली. हे त्यांनी गिरणीवर सांगितलं नसेल.

पोचपावतीचं. पोस्टमन आला तेव्हा मामा घरी होते, त्यांना त्या दिवशी उशिरा जायचं होतं. साक्षीला ते सही करत होते. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. मला माहीत होतं, तुम्ही पोचपावत्या पिशवीत टाकायच्या आधी दोन्ही बाजू बघता.

खरी पंचशीला रागावली आहे. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे आणि मी तिच्या नावावर माझं खपवलं असं म्हणते. ती म्हणते, तुझ्या अप्पांनी मला एक पत्र लिहायचं कबूल करावं.

गोदावरी नांदेडच्या पुलाखालून धर्माबादकडे जाते. तिथून आंध्रात शिरते. मग पुष्कळ जंगल. राजमहेंद्रीला ती इतकी रुंद होते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, असं पुस्तकात आहे. मग तिच्या फांद्या होतात आणि समुद्र येतो. परीक्षा झाल्यावर मी येईन तेव्हा नकाशा आणते. पेटीवर सटवाजीकाकांना पाय ठेवू देऊ नका.

एक सांगायचं राहिलं. पत्र आलं तेव्हा आत्या नेहमीसारखी पदर सावरून समोर बसली आणि म्हणाली, "वाच, काय म्हणतो बसवंता?" या घरात आलेलं प्रत्येक पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं आहे. हे दाखवलं नाही. म्हणाले, हे माझं आहे.

तुमची
शिवकन्या